शुक्रजंतूंस पस्तीसांची रेघ लागली ती हकीकत

श्रीवंशवृद्धी प्रसन्न. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु संवत्सर, आश्विनमासीं तपासणी-दरबारीं वर्तलें तें ऐसें जे: विसाजी मांजरेकर दरबारचे दुर्बिणदार, अठ्ठावीस वर्षें गांवोगांवच्या पुरुषांचे शुक्रजंतू काचेवर पाहोन मुंडकें कैसें, शेंपूट सरळ कीं वांकडें, हें निवडितां डोळा थकला आणि मानही त्या जंतूंसारखीच वांकडी जाहली. मग कारभारी बापूसाहेब शेजवळ यांणीं यंत्र आणविलें. तें तसबिरा काढी, मुंडक्यांची लांबीरुंदी मोजी आणि शंभरांत सुबक किती तें छापी. पास-नापासाची रेघ कोठें मारावी, ऐसें यंत्रानें पुसिलें. कारभारियांणीं पस्तीस लिहिले, कीं पस्तीसांखालीं पास ही गोष्ट या दौलतींत कोणी ऐकिली नव्हती. विसाजी बोलिले, "साहेब, येथें शंभरांत चार सुबक म्हणजे ठीक. बाकीचे वांकडेतिकडेच असतात."

"चार? अहो, चार गुणांत मास्तरांचा मुलगाही पास होत नाहीं!"

विसाजी आपल्या काचेकडे परतले, आणि महिनाभर जो आला तो नापास जाहला. मग सयाजी खराडे, पंप दुरुस्तीवाले, कुटुंब नंदाबाई यांसहवर्तमान आले आणि कागद निघाला: पांच, नापास. सयाजी बाकड्यावर मटकन बसले. "गणितातसुद्धा अकरा होते गं," म्हणाले, "तू माहेरी जा. दुसरा बघ. माझ्यापायी जन्म फुकट नको घालवू." नंदाबाई रडों लागली, तें विसाजींस पाहवेना. मग त्यांणीं काच पुन्हां लाविली आणि थकल्या डोळ्यानें दोनशें मुंडकीं मोजिलीं, आणि सुबक दहा निघाले, आणि तैसेच कारभारियांपुढें उभे राहिले. "शंभरीं पांच. हा गडी पास आहे. रेघ खोडा, नाहीं तर ही दुर्बीण आपणच सांभाळा."

रेघ खोडावी तर चूक पदरीं येते, न खोडावी तर दुर्बिणदार जातो. मग कारभारियांणीं तोड काढिली: सर्वांस एकतीस ग्रेस. आणि यंत्रानें छापिलें: छत्तीस, ग्रेसनें पास.

"ग्रेसनं गं, नंदा," सयाजी ओशाळून म्हणाले.

नंदाबाईनें डोळे पुसिले. "दहावीलाही तसेच सुटला होतात की. चला घरी."

येणेंप्रमाणें मागल्या महिन्याच्या सव्वीस नापासांसही पत्रें गेलीं. शंभरीं पंचाण्णव वांकडे असोन दौलत बुडाली नाहीं. विसाजींनीं डोळा चोळिला आणि पुढली काच लाविली.