ठिपकेसाहेबांनी फोन आवरला

"फोन म्हणजे काय गं? खिशात मावणारी रेकॉर्ड रूम!" असं म्हणत ठिपकेसाहेबांनी बायकोच्या हातातून तिचा मोबाईल जवळजवळ ओढूनच घेतला. "अख्खी नोकरी फायलींत गेली माझी, आणि तू निघालीस दुकानदाराला दाखवायला!"

ठिपकेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते रेकॉर्ड सांभाळायचे, आणि जी फाइल फार महत्त्वाची तिच्या नावाच्या आधी लाल शाईचा टपोरा ठिपका द्यायचे. ठिपका दिसला की त्यांना विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही! त्या ठिपक्याच्या फाइली ते इतक्या जपून ठेवायचे, की कधीकधी त्यांच्या त्यांनाही सापडायच्या नाहीत. निवृत्तीनंतर कचेरी सुटली, ठिपका सुटला नाही. साखरेच्या डब्यावर ठिपका, छत्रीच्या मुठीवर ठिपका. बायको म्हणायची, "मी जरा जास्त वेळ एका जागी बसले तर मलाही द्याल!"

फोनचं दुखणं तसं लहानसंच होतं. फाइल मॅनेजर उघडलं की क्षणभर पांढरा पडदा दिसायचा आणि 'ॲप थांबले आहे' असं सांगून ते मिटून जायचं. पण त्या मिटलेल्या दाराआड सासूबाईंचा आवाज होता. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

"संध्याकाळी माझी धाकटी बहीण येतेय," बायको म्हणाली. "तिला आईचा आवाज ऐकायचाय. तिच्याकडे आईचा एक शब्दसुद्धा नाही हो. काय त्या चार-सहा रेकॉर्डिंग आहेत त्या माझ्याच फोनमध्ये. तुम्ही नुसतं उघडून द्या."

"उघडूनही देतो आणि आवरूनही देतो!"

"आवरू नका!"

"बरं बाई, नाही आवरत."

"शपथ?"

"अगं, मी काय लहान आहे?"

बायकोने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि शिलाई मशीनचा तुटलेला पट्टा पिशवीत टाकून नवा आणायला ती बाहेर पडली. लहान असते तर बरं झालं असतं, असंच तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

आता खरं सांगायचं तर सुरुवात त्यांनी झकास केली. फोन बंद करून चालू केला. मग ॲपच्या चित्रावर बोट दाबून धरलं, माहिती उघडली, त्यात स्टोरेज, त्यात 'कॅशे साफ करा'. केलं साफ! आणि काय आश्चर्य, फाइल मॅनेजर मुकाट्याने उघडलं. ठिपकेसाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. इथे जर ते थांबले असते, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

पण समोर जे दिसलं ते रेकॉर्ड सांभाळलेल्या माणसाला बघवणारं नव्हतं. नुसता बाजार! विजेची बिलं एकीकडे, ब्लाउजच्या गळ्यांचे फोटो भलतीकडे, आणि या सगळ्या रेटारेटीत 'आई' नावाचा एक बिचारा फोल्डर. त्याच्या शेजारी कोण? तर 'कटकट' नावाचा दुसरा एक धिप्पाड फोल्डर!

"अरेरे! प्रत्यक्ष आईला ही असली संगत?" ठिपकेसाहेबांना राहवेना. हलवायचं नाही, आवरायचं नाही, शब्द दिलाय. पण खूण करायला काय हरकत आहे? त्यांनी 'आई'वर बोट दाबून धरलं, नाव बदलायची चौकट उघडली. लाल शाई नव्हती, पण कीबोर्डावर ठिपका होता. तो त्यांनी नावाच्या आधी प्रेमाने ठेवला आणि 'ठीक आहे' दाबलं.

फोल्डर नाहीसा झाला.

ठिपकेसाहेबांनी चष्मा पुसला. पडदा वर सरकवला, खाली सरकवला. बिलं होती, गळे होते, कटकट होती. आई नव्हती! त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. फोन पुन्हा बंद-चालू केला. कॅशे पुन्हा साफ केलं. शेवटी फोन उलटा धरून दोनदा हलवला, अडकलेली मिठाची बाटली हलवावी तसा.

मग त्यांनी आपल्या स्वतःच्या, बटणांच्या फोनवरून कचेरीतल्या जुन्या टायपिस्टला गाठलं. टायपिस्टला जगातलं सगळं कळतं, असं त्याचं स्वतःचं मत होतं.

"उडालं म्हणतोस? घाबरू नकोस," टायपिस्ट म्हणाला. "उडालेलं परत आणायचं ॲप मिळतं. टाक आणि बघ गंमत!"

"टाकतोय, पण तो म्हणतो जागा नाही."

"मग जागा कर! बिनकामाचं एखादं बाड बघ आणि दे उडवून!"

बिनकामाचं बाड शोधायला लांब जायची गरजच नव्हती. 'कटकट'! नावातच सगळं आलं. तरीही ठिपकेसाहेबांनी नियम सोडला नाही. तपासल्याशिवाय त्यांनी जन्मात कधी कागद फाडला नव्हता. त्यांनी आतली एक फाइल वाजवून पाहिली. खर्रर्र... खुर्रर्र... कुणीतरी ओल्या लाकडावर बोथट करवत चालवत होतं. ती करवत मध्येच अडकायची, शिट्टी मारायची आणि पुन्हा चालू व्हायची.

"काय हा आवाज! शी!" ठिपकेसाहेब म्हणाले. "पर्समध्ये फोन आपोआप चालू राहिला असणार हिचा."

दुसरी फाइल काही त्यांनी वाजवली नाही. 'कटकट' हटवली. फोनने ती आधी कचरापेटीत टाकली आणि जागा काही सुटेना, म्हणून त्यांनी कचरापेटीही रिकामी केली. 'कायमचे हटवायचे?' फोनने विचारलं. "कायमचे!" ठिपकेसाहेबांनी बजावलं.

नवं ॲप उतरलं. गोल चक्र फिरू लागलं आणि गेलेल्या फाइली भराभर परत यायला लागल्या. गुलाब आले! कमळं आली! वाफाळत्या कपावर 'सुप्रभात' लिहिलेलं आलं, उगवत्या सूर्यावर 'आपला दिवस आनंदात जावो' आलं. बायकोने आजवर पुसून टाकलेलं एकेक सुप्रभात जिवंत होऊन फोनमध्ये येऊन बसलं. नुसता फुलबाजार भरला. फोन गरम झाला, ठिपकेसाहेब गार पडले. आईचा पत्ता नाही.

तेवढ्यात दार वाजलं. बायको आणि मेहुणी जिन्यातच भेटल्या होत्या. मेहुणी कुरिअरच्या कचेरीत हरवलेली पार्सलं शोधायचं काम करायची, त्यामुळे माणसाचा चेहरा पाहून तिला काय झालं ते अर्धं कळायचं.

"भाऊजी, काय केलंत?"

"कुठे काय?"

"अहो," बायकोचा आवाज उतरला. "आई आहे ना?"

उभ्या आयुष्यात एक कागद गहाळ न केलेला माणूस, आणि घालवलं काय तर बायकोच्या आईचा आवाज! धरणीने पोटात घ्यावं असं ठिपकेसाहेबांना वाटलं. "मी काही केलं नाही गं," ते कसेबसे म्हणाले. "नुसता ठिपका दिला. नावाच्या आधी. सांभाळून राहावं म्हणून."

मेहुणी टक लावून बघत राहिली आणि मग हसत सुटली. "अहो भाऊजी! नावाच्या आधी ठिपका दिसला की हा फोन ते लपवून ठेवतो! तुमच्याच कचेरीत शिकलाय जणू!" तिने फोन घेतला, कोपऱ्यातली तीन टिंबं दाबली, 'लपवलेल्या फाइल दाखवा' केलं. 'आई' जागच्या जागी होती.

खोलीत सासूबाई बोलू लागल्या. "जेवलीस का गं? घाईत आहेस? बरं बरं, नंतर कर. मी काय, इथेच आहे."

दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून ऐकत राहिल्या. ठिपकेसाहेबांनीही डोळे पुसले. थोडे सासूबाईंसाठी, बरेचसे सुटकेने. पुन्हा म्हणून कशाला ठिपका देणार नाही, असं त्यांनी मनातल्या मनात ठरवलंसुद्धा. मग बायकोने पडदा खाली सरकवला.

"कटकट कुठाय?"

"ते होय? ते काढलं," ठिपकेसाहेब आता मोकळेपणाने म्हणाले. "आभार मान माझे. करवतीचा आवाज होता नुसता!"

"करवत नव्हती ती. दुपारचे झोपलेले तुम्ही होतात."

मेहुणीला हसू येत होतं ते ताईच्या चेहऱ्याकडे पाहून गेलं.

"माझं घोरणं? आणि ते कशाला भरून ठेवायचं?"

"आईला मी सारखं नंतर, नंतर करत राहिले," बायको म्हणाली. "वाटायचं, आहेच की, कुठे जातेय. गेली आणि हातात या चार-सहा रेकॉर्डिंग राहिल्या. म्हटलं तुमच्या बाबतीत तरी उशीर नको. न्हाणीघरातून टॉवेल मागताना, बातम्यांवर ओरडताना, साखरेच्या डब्यावरून माझ्याशी भांडताना. वर्षभर भरत होते. एकदा तुम्ही मला, 'दमलीस का?' म्हणून विचारलंत. तेही होतं त्यात."

हे आपण कधी विचारलं, ते ठिपकेसाहेबांना काही केल्या आठवेना. दुसऱ्यांदा विचारल्याचं तर त्यांना बिलकूल आठवत नव्हतं. त्यांनी मेहुणीकडे आशेने पाहिलं. "तू शोध ना गं. तुझं कामच आहे ते. येईल ना परत?"

मेहुणीने बराच वेळ फोन खालीवर केला. "कचरापेटीतूनही काढलंत, भाऊजी. आणि त्या रिकाम्या जागेवर ही सगळी फुलं येऊन बसलीत. आता नाही व्हायचं."

"मला वाटलं... नाव कटकट होतं गं," ठिपकेसाहेब पुटपुटले.

"मग मी दुसरं काय नाव देणार होते?"

बायको रागावली असती तर त्यांना चाललं असतं. ती रागावली नाही. तिने रेकॉर्डिंग चालू केलं आणि फोन त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. पडद्यावर एक लाल ठिपका लुकलुकू लागला.

"बोला," ती म्हणाली.

ठिपकेसाहेबांनी घसा साफ केला. जन्मभर ज्यांच्या तोंडाला विश्रांती नव्हती, त्यांना आज एक वाक्य सुचेना. खूप काही सांगायचं होतं, चुकलं म्हणायचं होतं, आणि तेही विचारायचं होतं जे पूर्वी एकदाच विचारलं होतं. ठिपका लुकलुकत राहिला. दोघी बहिणी वाट बघत राहिल्या.

"मशीनचा पट्टा मिळाला का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मिळाला," बायको म्हणाली, आणि तिने रेकॉर्डिंग चालूच ठेवलं.