लागू नसेल ते खोडावे

भंडारा जिल्ह्यातल्या एका कार्यालयाने (कोणत्या ते विचारू नये, सगळी एकमेकांची सख्खी भावंडंच आहेत) लोकहितार्थ असं ठरवलं की, यापुढे निर्णय नुसते कळवायचे नाहीत, देखण्या पुस्तिकेत छापून कळवायचे. त्यासाठी ‘निर्णय सुशोभीकरण कक्ष’ स्थापन झाला आणि वीरेंद्र कापगते त्याचे प्रमुख झाले. निर्णय घेणाऱ्यांना बसायला खुर्च्या पुरत नव्हत्या. सुशोभीकरणाला मात्र एसीची खोली मिळाली.

पहिल्या पुस्तिकेत सानगडीजवळच्या पिंपळटोल्याचं काम होतं. तिथल्या तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, कुजलं होतं. ते बदललं नाही तर तलाव गळून जाईल आणि लोंबीवर आलेला धान वाळेल, असं सरपंच आनंदाबाईंनी अर्जात लिहिलं होतं. कार्यालयाला चक्क पटलं. नमुन्यातल्या ‘मंजूर / नामंजूर’पैकी ‘नामंजूर’वर संगणकातच आडवी रेघ मारली गेली. खाली ‘लागू नसेल ते खोडावे’ ही सूचना होतीच. ती आपल्याकडे प्रत्येक कागदाखाली जन्मतःच असते.

फाईल सजावटीसाठी लाखनीला, हायवेवरच्या हेमराजच्या दुकानात गेली. लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर यांत हेमराजचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. पण त्याच्या पानं लावायच्या प्रोग्रॅमला सरकारी फाईलचा फॉन्ट कळत नाही. म्हणून तो मजकूर आधी कन्व्हर्टरमधून काढतो. कन्व्हर्टर अक्षरं नीट पलीकडे नेतो, मात्र ठळक, तिरकं, खोडलेलं, सगळं एकसारखं सपाट करून. हे हेमराजला चांगलं ठाऊक होतं. लग्नपत्रिकेत खोडलेलं काही नसतं, त्यामुळे त्याचं आजवर कधी अडलं नव्हतं, आणि दोन्ही फाईली शेजारी ठेवून बघण्याची सवय त्याला नव्हती. कक्षाला तर नव्हतीच.

पुस्तिका आली. गुळगुळीत कागद, चारी बाजूंना लोंब्यांची वेलबुट्टी आणि मधोमध ‘मंजूर / नामंजूर’. दोन्ही शब्द नवरानवरीसारखे शेजारी शेजारी.

यावर कार्यालयात गंभीर बैठक झाली. मूळ फाईल उघडून पाहावी, असं कोणाच्याही मनात आलं नाही, कारण छापील प्रत अंतिम असते. कापगतेंनी भूमिका मांडली, “दोन्ही शब्द शासनाचेच आहेत. एकाची अंमलबजावणी केली आणि दुसऱ्याची नाही, तर पक्षपात होईल.” सर्वांना ते पटलं. दोन्हींची अंमलबजावणी करण्याचा आदेश निघाला.

त्यानुसार ठेकेदार भैय्यालालने पिंपळटोल्यात येऊन जुनं दार काढलं आणि सामान आवरायला घेतलं.

“भाऊ, दार तं काढलं. नवं कुठं हाय?” आनंदाबाईंनी विचारलं.

“काढनं मंजूर हाय बाई. लावनं नामंजूर. दोन्ही छापून आले, आता आपुन काय करनार?”

तलाव वाहायला लागला. बायामाणसांनी पोत्यांत माती भरून टाकली, ती पोती पाण्याबरोबर गेली. आनंदाबाई मिळेल त्या गाडीने भंडाऱ्याला पोचल्या आणि त्यांनी पुस्तिका कापगतेंच्या टेबलावर उघडून ठेवली. ‘नामंजूर’वर निळ्या पेनाची सरळ रेघ होती.

“हे कोणी केलं?” कापगते ताडकन उठले.

“मीनंच केलं जी. खाली तुमीच तं लिवलं, लागू नसेल ते खोडावे.”

“बाई, कार्यालयाने केलं की ते खोडणं. नागरिकाने केलं की ती खाडाखोड. गुन्हा आहे हा.”

“पानी वाहून जाऊन राहिलं, साहेब! लोंबीले आत्ताच पानी लागते. मंग देऊन काय करता?”

कापगतेंचं मन द्रवलं. त्यांनी शुद्धिपत्रक काढायचं कबूल केलं.

या वेळी ‘खोडरेषा जतन करण्याबाबत’ असा सक्त आदेश लाखनीला गेला. हेमराज म्हणाला, “टेन्शन काहून घेता साहेब? रेघा हातानंच ओढून देतो.” आणि त्याने माऊसने ‘नामंजूर’वर झकास रेघ ओढली. काम इथेच संपत होतं. पण शुद्धिपत्रकाला चेहरा हवा, असं कापगतेंना वाटलं, आणि पानाच्या वर त्यांचा हसरा फोटो बसवण्यात आला. फोटोने मजकूर एक ओळ खाली ढकलला. रेघ मजकुराची नव्हती, ती हेमराजची होती. ती जागची हलली नाही. तिच्याखाली आता वरची ओळ आली होती, ‘कामाचे ठिकाण : तलाव, पिंपळटोला’. त्यातला ‘तलाव’ खोडला गेला.

आता खोडरेषा सक्त आदेशाने जतन केलेली असल्यामुळे ती चुकीची असणं शक्यच नव्हतं. तरी कार्यालय न्यायी. पथक पाहणीला गेलं. तोवर तळाशी चिखल उरला होता आणि त्यात म्हशी बसल्या होत्या. पथकाने अहवाल दिला, ‘प्रत्यक्ष पाहणीत तलाव आढळून आला नाही. छापील नोंद अचूक आहे.’

पिंपळटोल्याच्या लोंब्यांत दाणा भरलाच नाही. आनंदाबाई बांधावर बसून एकेक लोंबी चोळत होत्या आणि हातात नुसता भुसा येत होता. कक्षातलं वातावरण मात्र प्रसन्न होतं. अचूकतेबद्दल कक्षाचा सत्कार झाला. पुढच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर त्याच शेताचा फोटो घेतला, कारण वाळल्यामुळे ते फार सोनेरी दिसत होतं.

त्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर जनतेचा अभिप्राय मागवला होता : ‘समाधानी / असमाधानी. लागू नसेल ते खोडावे.’ प्रती जिल्हाभर गेल्या. आनंदाबाई पुन्हा पेन हातात घ्यायला धजल्या नाहीत. बाकीच्यांनी पुस्तिका चाळली, कापगतेंना हसले, आणि पान तसंच कोरं ठेवून परत केलं. कक्षाने नोंद घेतली की जनता समाधानी आहे, आणि असमाधानी आहे तीसुद्धा तीच जनता आहे, तेव्हा तक्रार उरत नाही.

तुम्हीही आत्ता हसलात / तुम्हालाही लाज वाटली. लागू नसेल ते खोडावे. पेन हाताशी नसेल तर राहू द्या, एक प्रत तुमच्याकडूनही कोरीच आली होती.