तांबड्या रथाचा ताप

श्रीगणराय प्रसन्न. चाक फिरते राहो, बाळ हसते राहो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध दशमीस राज्यात जो प्रकार जाहला तो यथास्थित लिहिला आहे.

राजे शार्दूलराव यांचे मनात एका तांबड्या स्पोर्ट्स कारने ठाणे दिले. गाडी जुनी, आसने दोनच, परंतु रूप ऐसे की राजे भान विसरले आणि भिकाशेट जुनेवाहनकर यांस शब्द देऊन आले की, घरची चार दारांची गाडी तुम्हांस देऊ आणि ही नेऊ. राणी इंदुलेखाबाई यांस चिंता पडली. कारण घरच्या गाडीत दहा महिन्यांच्या राजकन्येची पट्ट्यांची खुर्ची होती आणि लसीस, दवाखान्यास तिचाच आसरा. "हिला बसवणार कुठे?" ऐसे पुसता राजे बोलिले, "मांडीवर! आम्ही नाही वाढलो?" नको म्हणावे तर जन्मभर ऐकावे लागेल, हे राणी जाणून होत्या.

मग दहा वाजून वीस मिनिटांचा मुहूर्त काढून, नारळ, हार आणि चाकांखाली ठेवावयास चार लिंबे घेऊन स्वारी निघाली. भिकाशेट सामोरे येऊन वदले, "सरकार, चार दिवस किल्ली फिरवली नाही. तुमच्याच हातून चालू व्हायची आहे." राजे हार घालू लागले, तोच राणीसाहेबांनी बाळाचे कपाळ पाहतात तैसा पालथा हात बॉनेटवर टेकला. गाडी सावलीत उभी, आणि बॉनेट सणसणीत तापलेले! राणी ओळखून चुकल्या की मुहूर्ताची वेळ शेटजींस ठाऊक होती, म्हणोन गार इंजिनाचे दुखणे झाकावयास ते आधीच तापवून ठेविले आहे. परंतु हे उघड न करिता त्या बाळास पाजावयास घरच्या गाडीत जाऊन बसल्या.

"वहिनीसाहेब, मुहूर्त टळतो!"

"टळू द्या, भाऊ. हिची भूक पंचांग बघत नाही."

आणि बाळ प्याले, आणि निजले, आणि शेटजींनी तीनदा घाम पुसला, आणि दोन प्रहर जाहले. मग राणींनी पुन्हा बॉनेटवर हात टेकला. अंग गार. "आता लावा किल्ली."

राजांनी किल्ली फिरविली. उखळात खडे कांडावे ऐसा आवाज उठला, निळा धूर दाटला, राजकन्या दचकून रडू लागली. राणींनी तेलाचे झाकण उघडविले, तो आत लोण्यासारखा पांढरा फेस. "तेलात पाणी. पुरात बुडालेली ना ही?"

"बुडाली नाही हो," शेटजी कसनुसे हसले, "सीटपर्यंतच."

मग राजांनी तांबड्या गाडीचा हार काढिला, लिंबे घरच्या गाडीच्या चाकांखाली ठेविली आणि नारळ तिजपुढेच फोडिला. ती पहिल्या किल्लीस चालू जाहली. राणींनी लेकीचे पट्टे लाविले, दोनदा ओढून पाहिले आणि म्हणाल्या, "चला."

तात्पर्य, वाहन गेले नाही, आसन गेले नाही, राजांचा मानही राहिला. तेव्हापासून राजे कोणतेही जुने यंत्र घेण्याआधी पालथा हात टेकून पाहतात आणि युक्ती आपलीच म्हणोन सांगतात. राणी ऐकून घेतात. इति.