झिपरूचं वाजणारं यंत्र

एका जंगलात, बाळांनो, सगळं होतं. झाडं होती, पाणी होतं, मधाची पोळी होती. म्हणजे एकूण दुःखाला काही कारण नव्हतं. तेवढ्यात कुणीतरी उठवलं, की नदीच्या वाळूत सोनं आहे.

झालं! जो तो वाळूकडे टक लावून बसला. झिपरू नावाचं एक अस्वलही बसलं. वारुळं उकरण्यात झिपरूचा हात कुणी धरला नसता. पण सोनं शोधायला यंत्र लागतं असं माकडांचं मत पडलं, आणि माकडांचं मत म्हणजे जंगलाचं मत.

पावसाळ्यासाठी साठवलेला सगळा मध झिपरूने उचलला. त्याची बायको पार्वता दारात आडवी आली.

“अहो, पोरं पावसाळ्यात काय चाटणार?”

“सोनं!” झिपरू म्हणाला.

पार्वताने कपाळावर हात मारला. “बरं, निदान वाजवून तरी घ्या. मडकं घेताना वाजवून बघता ना, तसं.”

ही शहाणपणाची गोष्ट होती. शहाणपणाच्या गोष्टींनीच घरं बुडतात, हे तुम्हाला मोठेपणी कळेल.

यंत्रांचं दुकान एका वटवाघळाचं होतं. शेठ उलटे लटकून धंदा करायचे. त्यामुळे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्यांना डोक्यावर पडलेलंच दिसायचं.

“नवशिके का?” शेठनी विचारलं. “मग हे न्या. हलकं आहे, साधं आहे. लोखंडाला गप्प बसतं, सोन्यालाच वाजतं.”

झिपरूने ते दुकानाच्या जमिनीवर फिरवलं. यंत्र गप्प. भिंतीवर फिरवलं. गप्प. बोटाने टिचकी मारून पाहिली. तरी गप्प.

“मुकं आहे हो! फुटकं मडकंसुद्धा याच्यापेक्षा जास्त बोलतं.”

“अहो, इथे सोनं नाही, म्हणून...”

“ते मला सांगू नका. वाजणारं दाखवा.”

शेठ प्रामाणिक होते, पण भुकेलेही होते. त्यांनी कोपऱ्यातलं दुसरं यंत्र पुढे केलं. ते खिळ्याला वाजायचं, डब्याच्या झाकणाला वाजायचं, आणि काहीच नसलं तर करमत नाही म्हणून वाजायचं. झिपरूचे डोळे भरून आले. सगळा मध देऊन त्याने ते खांद्यावर टाकलं. मुकं यंत्र मागाहून रेवा नावाची पाणमांजर थोड्या माशांवर घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी नदीकाठ दणाणला. यंत्र किंचाळायचं, झिपरू उकरायचा, गंजका खिळा निघायचा. खिळा म्हणजे खिळाच, हे झिपरूला कळत होतं. घरी पोरं रिकामं मडकं चाटत होती. त्याला रडू आलं.

पण काठावर गर्दी जमली होती.

“एवढं वाजलं म्हणजे सोनंच!” माकडं म्हणाली. “जरा गंजलंय. जुनं असणार.”

ज्याने त्याने एकेक खिळा मागून घेतला आणि बदल्यात मध दिला. झिपरूने डोळे पुसले. मडकी पुन्हा भरली, आणि झिपरू सोन्यातला जाणकार झाला.

एक दिवस रेवा आली. तिच्या ओल्या पंजात पिवळाधमक खडा होता.

“झिपरूभाऊ, माझं यंत्र इतके दिवस गप्प होतं. काल जरासं कुजबुजलं. बघा ना, सोनं आहे का हे?”

झिपरूने पाहताक्षणी ओळखलं. पण गर्दी ओरडली, “यंत्र लावा!” यंत्र लावलं. खडा तो केवढासा! यंत्र जेमतेम कुरकुरलं.

“हॅट्!” माकडं हसली. “परवाचा खिळा कसा ठणाणा वाजला होता!”

झिपरूने एकवार खड्याकडे पाहिलं. मग बोटं चाटत बसलेल्या आपल्या पोरांकडे पाहिलं.

“फेकून दे बाई नदीत,” तो हळूच म्हणाला. “कुणाच्या तरी पायात रुतेल.”

रेवाने खडा फेकला. मग ताजे मासे देऊन, चांगलासा खिळा निवडून घेऊन, ती समाधानाने घरी गेली.

तात्पर्य : सोनं सापडलं तर जाणकाराला विचारू नये. खिळा सापडला तर जाणकार व्हावं.