बसाप्पाण्णांचे मासे

राजारामपुरीतले आमचे शेजारी बसाप्पाण्णा यांनी जन्मात मासा खाल्ला नव्हता, पण दर रविवारी मासळीबाजारात जाऊन भांडल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. गळ्यात लिंग, नाकाला धोतराचा सोगा आणि तोंडाचा पट्टा सुरू. "पोटुशी हाय की ती मासळी! लाज न्हाय वाटत?" गिऱ्हाईक पिशवी सावरत मटणाच्या दुकानाकडे पळे. असला हा उपद्व्यापी माणूस!

त्या सुमारास सरकारनं नदीवरच्या धरणात कटला जातीच्या माशांचं बी सोडलं. सगळे खूश, अण्णा सुतकात. नदीतला मूळचा खवल्या मासा आता संपणार, असं त्यांनी जाहीर केलं. "पावणं जेवून जात्यात. ह्यो कटला घरमालकाच्याच ताटावर बसलाय की!" हे मला रोज दाढी करताना खिडकीतून ऐकावं लागे.

मग त्यांच्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली. धरणाच्या वरच्या अंगाला एक डोह होता. खवल्या अंडी घालायला तिथं येई आणि जाळीही नेमकी तिथंच पडत. अण्णांनी काठावरच्या धोंड्याला शेंदूर फासला आणि 'हे देवाचे मासे' अशी आवई उठवली. पण देव म्हटला की आपल्याकडे नैवेद्य आला, एवढंही या शहाण्याला सुचलं नाही. विकायला कुणी मासा धरेना, नवसाला मात्र सगळेच धरू लागले. अंड्यांनी भरलेला खवल्या तळून देवापुढं! आम्ही गल्लीभर पोट धरधरून हसलो.

अण्णांनी जाऊन शेंदूर खरवडला. देव बाटवला म्हणून गावानं त्यांना चोपलं. तरी डोक्याला पट्टी बांधून स्वारी पुन्हा तिकडेच. त्यांचा मुलगा मला म्हणाला, "तुम्हीच आणा जाऊन. आम्हाला वेळ न्हाय."

चडफडत एसटीनं गेलो. अण्णा काठावर भाकरी कुस्करत पाण्याशी कन्नडात बोलत होते, 'ये गं बाई, ये' म्हणून. "बारव्वा, बा."

"अण्णा, माशांना कन्नड कळतं होय?"

"घरात तरी कुणाला कळतंय? बायको गेली, तवापास्नं कुणी बोलाय न्हाय. पोरं हसत्यात." त्यांनी आणखी एक तुकडा टाकला. "ही हाक मारली की वर येत्यात."

पाण्यात काहीच हललं नाही. भाकरी भिजून तळाला गेली. अण्णा हाका मारतच होते. घरी चला म्हणायला आलो होतो, ते राहिलंच. शेजारी बसलो, त्यांच्या हातातली अर्धी भाकरी घेतली आणि पाण्याकडे बघत म्हणालो, "बारव्वा, बा."