हवा खेळती ठेवणारे सोनावणेकाका

सोनावणेकाका कुणाकडेही गेले की आधी स्वयंपाकघरात शिरत. शेगडी पेटवायला लावत आणि वाकून ज्योत बघत. निळी असली तर चहा घेत. पिवळी दिसली की चहा राहिला बाजूला, आधी खिडकी उघडत. "गॅसलापण श्वास लागतो हो!"

अंबरनाथच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं बॉयलरवर होते. रिटायर झाल्यावर बदलापूरला आमच्याच बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर एकटे राहत. नव्वदच्या दशकात बाथरूममध्ये गॅसचे गीझर लागायला लागले आणि काकांना नवी ड्यूटी मिळाली. लालवाणींनी गीझर घेतल्याचे पेढे वाटले, तर हे पेढा चघळत थेट त्यांच्या बाथरूममध्ये.

"हवा कुठून येणार, साईं?"

"अरे सोनावणे, ठंड आती है!"

"ठंडीनं सर्दी होते. कोंडलेल्या गीझरनं माणूस जातो."

लालवाणींनी कुरकुरत खिडकीच्या दोन काचा काढल्या. आम्ही हसलो. सगळ्यात जास्त मी.

डिसेंबरात आमच्याकडेही गीझर आला आणि गार वारा येतो म्हणून आईनं बाथरूमच्या खिडकीत पुठ्ठा ठोकला. "ताई, काढा तो," काका खालून ओरडले. "काढते हो भाऊ," आई म्हणाली आणि विसरली.

एका रविवारी बेल वाजली. काका धापा टाकत होते. "खाली गीझरचा आवाज कधीचा येतोय. आत कोण आहे?"

"आई. आंघोळीला."

"हाक मार!"

मी मारली. उत्तर नाही. काकांनी आधी सिलिंडर बंद केला, मग खांद्यानं धडका देऊन कडी उखडली आणि पाठ फिरवून उभे राहिले. "चादर गुंडाळ. गॅलरीत आण!"

गॅलरीतल्या वाऱ्यात आईनं डोळे उघडले, तेव्हा मी मोठ्यानं रडले. दवाखान्यात डॉक्टरांनी काकांशी उठून हात मिळवला. "तुमचे कोण हे?" त्यांनी मला विचारलं. "आमचे काका आहेत," मी ताठ मानेनं सांगितलं.

काकांनी आमचा गीझर स्वतः उभं राहून गॅलरीत हलवून घेतला. त्या दिवशी आईनं त्यांना जेवायला थांबवलं.

"भाऊ, तुमचा कुठं बसवलाय?"

"माझ्याकडे नाहीच. गार पाण्यानं करतो."

"एवढं सगळं कळतं तुम्हाला, मग का नाही?"

काकांनी भाकरी मोडली. "बाहेरून 'झालं का' म्हणून विचारायला कुणीतरी लागतं, ताई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं मला गरम पाण्याची बादली उचलायला लावली, माझ्यामागून हळूहळू जिना उतरली आणि काकांचं दार वाजवलं.

"पाणी आणलंय भाऊ. करा सावकाश. मी पायरीवर बसलेय."