साहेब दिसेनात

माझ्यासारखी नजर शंभर वर्षांत एखादीच जन्माला येते, आणि जन्माला आली की तिला दूध उतू जातंय का ते बघायला पाठवतात. शेजारच्या खोलीत माझी दोन वर्षांची मुलगी गप्प बसली असेल, तर तिच्या तोंडात काय आहे ते मी भिंतीच्या अलीकडून सांगते. (बहुतेक वेळा बटण. एकदा घराची किल्ली.) पदवीला मी तर्कशास्त्र घेतलं होतं. वर्ग दुसराच मिळाला, पण त्याचं कारण एवढंच की परीक्षकांना माझे तर्क झेपले नाहीत.

अशा बाईच्या हाती देशातलं सगळ्यात मोठं प्रकरण यावं, हे अटळच होतं. आलं ते फोनवरून.

"काही कळलं का गं?" माझी आई विचारत होती. "तू एवढी शिकलेली!"

प्रकरण असं, की साहेब, म्हणजे आमच्या देशाचे सर्वोच्च नेते, एकाएकी कुणाला दिसेनासे झाले होते. एरवी दिवसातून तीनदा दिसायचे. पुलाची फीत कापताना, पुलावरून चालताना आणि रात्रीच्या बातम्यांत पुन्हा पुलावरून चालताना. आणि नेमकी सीमा तापली, शेजाऱ्यांनी डोंगरापलीकडे रणगाडे आणून उभे केले, आपण अलीकडे केले, आणि साहेब गडप! टीव्हीवरचे जाणकार म्हणत होते, साहेब दिसले की युद्ध. दुसऱ्या वाहिनीवरचे जाणकार म्हणत होते, साहेब दिसले नाहीत तर युद्ध. जाहिराती मात्र दोन्हीकडे गाद्यांच्याच होत्या.

माझा धाकटा भाऊ त्या डोंगराच्या अलीकडे होता. त्याची रजा मंजूर झाली होती, बॅग भरून झाली होती, आणि हुकूम आला: साहेबांचं भाषण होईपर्यंत कुणी हलायचं नाही. त्यानंतर त्याचा फोन नाही. आई रोज सकाळी मला फोन करायची, आणि मी रोज म्हणायचे, "तपास चालू आहे."

तपासाला माणसं लागतात. मला घरची दोनच मिळाली. एक सासूबाई. त्या दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून भाजी निवडतात आणि बोलल्या तर फक्त भाजीबद्दल बोलतात. दुसरा नवरा. तो कवळ्या बनवतो. दाताचे डॉक्टर जबड्याचा साचा पाठवतात आणि नवरा त्याच्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये मेण, प्लास्टर आणि नकली दात घेऊन पाहिजे तसं तोंड बनवून देतो. माणूस सज्जन आहे, पण राष्ट्रीय प्रश्नांत त्याचा उपयोग शून्य.

"तुला काय वाटतं?" मी एका रात्री विचारलं.

"मला वाटतं एक गिऱ्हाईक माझा जीव घेणार," तो म्हणाला. "दोनदा मेणात दात लावून पाठवले, दोनदा परत. चिठ्ठीत काय लिहिलंय? दात अजून करारी हवेत. करारी म्हणजे काय? दात आहेत का फौजदार आहेत?"

"मी देशाबद्दल विचारतेय."

"हां," तो म्हणाला, आणि घोरायला लागला.

मी एकटीच कामाला लागले. पहिला धागा वर्तमानपत्रात सापडला. साहेब टेबलाशी बसून सही करतायत असा फोटो, आणि मागे भिंतीवर कॅलेंडर. भिंगातून पाहिलं तर वर्ष मागचं! म्हणजे सरकार जुने फोटो छापून लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकत होतं! मी धावत स्वयंपाकघरात गेले.

"आई, हे बघा!"

सासूबाईंनी बघितलं. "हा कागद कुठून काढलास?"

"फडताळातून."

"मग तो तूच अंथरलास. गेल्या वर्षी, झुरळं झाली होती तेव्हा."

मोठ्या तपासात असे लहान अडथळे येतातच.

दुसरा धागा जमिनीखालून आला. रोज दुपारी दोन वाजता आमच्या फरशीखाली घरघर व्हायची, फडताळातली भांडी किणकिणायची. साहेबांच्या बंगल्यापासून आमची इमारत सरळ रेषेत चार किलोमीटर. चार किलोमीटरचा भुयारी रस्ता, आणि त्याचं तोंड आमच्या जिन्याखाली! लेकीला कडेवर घेऊन, पायात चपला न घालता मी खाली उतरले आणि आवाज येत होता त्या दारावर कान लावला. दार उघडलं. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका बाई होत्या.

"या ना," त्या म्हणाल्या. "आमच्या मशीनचा एक पाय मोडलाय, कपडे पिळताना नाचतं ते. तुमच्याकडे लाकडी पाचर आहे का?"

मी पाचर नेऊन दिली. भुयाराचा संशय पुरता गेला नाही, पण घरघर थांबली.

तिसरा धागा नवऱ्यानेच आणला, न कळता. त्याच्या लॅबसमोर रोज एक काळी गाडी थांबते म्हणाला. काळा चष्मा लावलेला माणूस उतरतो, दोन्ही हातांत एक डबा धरून आत येतो, डबा ठेवतो, घड्याळ बघतो, जातो.

"डब्यात काय असतं?"

"त्या करारीवाल्याचा जबडा."

मी सोडून दिलं. दातांच्या लॅबमध्ये जबडा नाही येणार तर काय शेवगा येणार? (हा निर्णय मी आजही योग्यच मानते. त्या वेळी उपलब्ध पुराव्यांवर तो बरोबरच होता.)

दहाव्या दिवशी मी निष्कर्ष वहीत लिहून काढला: साहेबांना त्यांच्याच सेनापतीने डांबून ठेवलं आहे, टीव्हीवर लवकरच तोतया येईल आणि तोतया डावरा असेल. डावरा का, ते मलाही आता आठवत नाही, पण खाली दोन रेघा मारलेल्या आहेत. दाराशी पिशवी तयार ठेवली. लेकीचे कपडे, बिस्किटं, मेणबत्त्या, तापाचं औषध. सासूबाईंनी पिशवीत गुपचूप स्वतःचं विणकाम ठेवलं.

"युद्धात विणणार?"

"मग काय करणार? तुझ्यासारखं खालच्यांच्या दाराला कान लावून बसू?"

अकराव्या दिवशी शहरात हल्ल्याच्या भोंग्याची रंगीत तालीम होती. नवऱ्याच्या लॅबचा रस्ता बंद केला होता, म्हणून तो काम घरी घेऊन आला. स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद पसरला, छोटं घासायचं यंत्र लावलं, डब्यातून एक नवी गुलाबी कवळी काढली. शेजारी प्लास्टरचा जबडा ठेवला आणि एक फोटो टेकवला. दात आधीसारखे दिसावेत म्हणून डॉक्टर जुन्या हसण्याचा फोटो पाठवतात. नाव कधीच नसतं, फक्त क्रमांक. आणि हा फोटो तर अगदी ओठांपुरताच कापलेला होता, वर नाक नाही, खाली हनुवटी नाही.

सासूबाई वाटाणे सोलत होत्या. त्यांनी फोटो बघितला, मान वळवून खिडकीबाहेर बघितलं, पुन्हा वाटाणे सोलायला लागल्या.

"फोटो कशाला आणलास?" त्या म्हणाल्या. "समोर टांगलेत की एवढे मोठे."

आमच्या खिडकीसमोर, चौकात, साहेबांचा हसरा फलक आहे. तीन मजली. आमचा मजला दुसरा, त्यामुळे आमच्या खिडकीतून फक्त तोंड दिसतं. डोळे वरच्यांना. लग्न होऊन आल्यापासून मी त्या तोंडासमोर भांडी घासते आहे. वरचा डावा सुळा शेजारच्या दातावर किंचित चढलेला.

मी फोटो बघितला. डावा सुळा शेजारच्या दातावर किंचित चढलेला.

नवऱ्याने यंत्र बंद केलं. त्याने डब्यातली डॉक्टरांची चिठ्ठी पुन्हा काढली आणि हळू आवाजात वाचली. "कारण: तोंड धुताना शिंक. कवळी बेसिनमध्ये पडून दोन तुकडे."

"शिंक," मी म्हणाले.

"शिंक," तो म्हणाला.

"आई, तुम्हाला कधी कळलं?"

"आत्ताच की. पण शेवटच्या भाषणात त्याची कवळी हलत होती, ते दिसलं होतं मला. प्रत्येक वाक्यानंतर जीभ वर लावत होता. मला कवळीची वीस वर्षांची सवय, मला नाही कळणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कधी? तू सांगत होतीस."

माझं डोकं मात्र पुढे धावलं होतं. दात नाहीत म्हणून साहेब नाहीत, साहेब नाहीत म्हणून भाषण नाही, भाषण नाही तोवर युद्ध नाही. आणि दात माझ्या टेबलावर!

"उशीर कर," मी नवऱ्याला म्हणाले. "महिना लाव. प्लास्टर संपलं म्हण, हात मोडला म्हण. मी मोडते."

"अगं, संध्याकाळी गाडी येणार आहे न्यायला."

"माझा भाऊ तिथे बसलाय!"

"मला माहीत आहे गं," तो म्हणाला.

सासूबाईंनी वाटाण्यांचं भांडं बाजूला सारलं.

"वेडी आहेस का? माझी कवळी तुटली होती तेव्हा मी नऊ दिवस नुसतं पातळ गिळलं. आठव्या दिवशी तुझ्या नणंदेला म्हटलं, मी मेले तरी तोंड दाखवू नकोस. का, तर तिने विचारलं, आई जेवलीस का. आणि ह्याचे तर अकरा झाले. माणूस बोळका, पोटात भूक, आणि हाताशी रणगाडे! त्याला आणखी महिना ठेवतेस? आजच दे. आणि टोचणार नाही अशी दे. करारीबिरारी राहू दे बाजूला."

"टोचली तर काय होतं?" मी विचारलं.

"पहिली पाच मिनिटं माणूस सहन करतो," नवरा म्हणाला. "मग दिसेल त्याच्यावर खेकसतो."

त्याने बाह्या वर केल्या. तीन तास तो कड घासत होता, पाण्यात बुडवत होता, पुन्हा घासत होता. सासूबाई डोळे मिटून कडेवरून बोट फिरवायच्या आणि म्हणायच्या, "इथे. अजून इथे." पुढचे दोन दात किती करारी झाले होते कुणास ठाऊक, पण कडा लोण्यासारख्या झाल्या. मग तो हात धुवायला गेला, मी चहा टाकला, आणि एकदम घरात शांतता झाली.

शेजारच्या खोलीत माझी लेक गप्प होती.

मी भिंतीच्या अलीकडूनच ओरडले, "तोंड उघड!"

देशाचं भवितव्य तिच्या दोन्ही मुठींत होतं आणि ती आ वासून ते आत बसतंय का बघत होती. ते निर्जंतुक करून डब्यात ठेवेपर्यंत खाली काळी गाडी आली. जाताना नवऱ्याने बजावलं, "गिऱ्हाइकाची गोष्ट घराबाहेर जायची नाही. तुझ्या आईलासुद्धा नाही सांगायची."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता साहेब पडद्यावर आले. इमारतीतला प्रत्येक टीव्ही चालू होता. सगळा देश शब्द ऐकत होता, आमचं घर हिरड्या बघत होतं. मी पिशवीचा बंद हाताला गुंडाळला होता. पहिलं मिनिट गेलं. तिसरं. पाचव्या मिनिटाला साहेब थांबले, त्यांनी गाल किंचित हलवला, आणि नवऱ्याने माझा हात धरला.

साहेब हसले.

मग म्हणाले, दोन्ही देशांचे मंत्री सोमवारी भेटून बोलणार आहेत, आणि बोलणी चालू असेपर्यंत कुणी गोळी झाडणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "बसलीय नीट." वाहिनीवरचे जाणकार म्हणाले, ही अकरा दिवसांच्या मौनामागची खोल व्यूहरचना आहे.

साडेसात वाजता भावाचा फोन आला.

"ताई, रडतेस काय? रजा मिळाली. परवा निघतो. आईला सांग. आणि ऐक, तुला एक गुपित सांगतो, कुणाला बोलू नकोस. साहेब अकरा दिवस कुठे होते माहितीये? इथे! आमच्या चौकीवर, वेष बदलून, साध्या जवानासारखे!"

"तू पाहिलंस?"

"ह्या डोळ्यांनी! आमच्या बाजूच्याच खंदकात. काय माणूस आहे, ताई! आमच्या बरोबरीने खायचा. ती दगडासारखी बिस्किटं असतात ना आमची, आम्ही चहात बुडवून खातो. हा कोरडीच खायचा. कडाकडा!"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो मान हलवून नको नको म्हणत होता.

"दात चांगले असतील रे त्यांचे," मी म्हणाले.